पावसाळ्यानंतर मोठी मोटरबोट धरणात उतरवताना: दुरुस्ती, ट्रॅक्टर आणि काठ

विदर्भातल्या धरणांवर बोटीचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो. गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांची उघडझाप थांबली, वैनगंगेचं गढूळ पाणी निवळलं, की दसरा-दिवाळीच्या सुमारास काठावर उभ्या असलेल्या बोटींवरची ताडपत्री निघते. त्याआधीचे चार-पाच महिने बोट जमिनीवर असते, आणि तिचं बरंचसं नुकसान त्याच काळात होतं. टाकीतलं पेट्रोल खराब होतं, बॅटरी बसते, उंदीर वायर कुरतडतात, फायबरमध्ये ओल मुरते. त्यामुळे 'मागच्या वर्षी चांगली चालत होती' याला काही अर्थ नाही.

इथे डोळ्यासमोर आहे ती २६ ते २८ फुटी फायबरची प्रवासी बोट. माणसं १८ ते २०, मागे ११५ अश्वशक्तीच्या दोन ओबीएम, म्हणजे बाहेरून लावलेल्या फोर-स्ट्रोक पेट्रोल मोटरी. बोट लहान असली तरी क्रम हाच राहतो, फक्त आकडे कमी होतात.

काम उतरवण्याच्या किमान तीन आठवडे आधी काढा. बरेच जण आधी इंजिन चालू होतं का ते बघतात. सुरुवात फायबरपासून करावी, कारण ते वाळायला वेळ लागतो आणि त्या वेळात बाकीचं सगळं उरकतं.

बूड आणि मागची भिंत

बोट ट्रेलरवरच धुवा. प्रेशर वॉशर चालतो, पण नोझल फूटभर लांब धरा आणि पाण्याची धार जोडांवर थेट मारू नका. वाळल्यावर प्लास्टिकच्या हातोडीने किंवा पाच रुपयांच्या नाण्याने बूड ठोकत जा. चांगलं फायबर टणटण वाजतं. जिथे आवाज बद येतो तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. त्या जागेभोवती खडूने गोल करा. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या जिथे टेकतात ती जागा, समोरचं टोक काठावर घासतं ती जागा आणि दोर बांधायच्या खुंट्यांच्या बुडाशी असलेल्या बारीक भेगा विशेष पाहा. खुंटीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर वरून लांबी भरून उपयोग नाही. खुंटीखालची आतली पट्टी सैल झाली आहे का, ते आधी तपासा.

गोड्या पाण्यात फायबरवर बारीक फोड जास्त येतात. पाणी थरात शिरून आतली रसायनं विरघळवतं आणि वरचा रंगाचा थर फुगवतं. एखाद-दुसरा छोटा फोड असेल तर खरवडून भरता येतो. बुडाच्या मोठ्या भागावर पसरले असतील तर या हंगामात तात्पुरतं भागवा आणि पुढच्या उन्हाळ्यात बूड पूर्ण सोलून, महिनाभर वाळवून घ्या. विदर्भाचं एप्रिल-मेचं ऊन या कामासाठी फुकटची भट्टी आहे.

दुरुस्तीआधी ओल तपासा. फूटभर लांब-रुंद पारदर्शक पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने बुडाला चिकटवा आणि २४ तास ठेवा. आतून थेंब धरले तर फायबर अजून ओलं आहे. त्यावर रेझिन लावलं तर दोन महिन्यांत पापुद्र्यासारखं सुटेल.

तडा भरताना फक्त तडा भरायचा नसतो. खोलीच्या सुमारे १२ पट रुंदीचा उतार चारही बाजूंनी ग्राइंडरने काढावा लागतो. तडा ५ मिलिमीटर खोल असेल तर प्रत्येक बाजूला ६ सेंटिमीटर. त्यावर काचेच्या धाग्यांच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर द्या. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. १ किलो पॉलिस्टर रेझिनला हार्डनर १० ते २० मिली, आणि ऑक्टोबरच्या दुपारी तापमान ३२-३३ अंश असताना १०-१२ मिली पुरतं. जास्त घातलं तर डबा हातात तापतो आणि थर तडकतो. सकाळी दव असतं, म्हणून दहानंतरच सुरू करा आणि चारपर्यंत हात धुवा.

एक धोका नीट लक्षात ठेवा. दुकानात कधी कधी कोबाल्टची, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणाऱ्या द्रवाची, वेगळी बाटली मिळते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर घालायचा. शक्य असेल तर कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा.

वरचा रंगाचा थर, म्हणजे जेलकोट, हवेत उघडा राहिला तर चिकटच राहतो. त्यात मेण मिसळलेला प्रकार घ्या किंवा लावल्यावर जाड पॉलिथिनने झाका.

आता मागची भिंत, जिच्यावर दोन्ही मोटरींचं वजन असतं. ११५ अश्वशक्तीची एक मोटर साधारण १७० ते १८० किलो, म्हणजे दोन मिळून साडेतीन क्विंटल. या भिंतीत बहुधा प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी गेलं की ते कुजतं. मोटर खाली करा, पंख्याखालचं (प्रॉपेलरखालचं) पातं धरून जोरात वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला भिंतीकडे पाहायला सांगा. भिंत लवली, बोल्टभोवती भेग उघडली किंवा तपकिरी पाणी झिरपलं, तर बोट उतरवू नका. हे काम सिलिकॉन मारून होत नाही.

बुडाला लावायच्या शेवाळरोधक रंगाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: धरणात लावू नये. त्यातलं तांबं शेवाळ आणि शिंपल्यांना मारण्यासाठीच असतं, ते माशांनाही घातक, आणि इथे त्याच पाण्यावर मासेमारी चालते, गावांच्या नळयोजनाही असतात. दर पंधरा दिवसांनी बोट बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशने घासली तरी काम भागतं.

मोटरीवर गंजाचा मार स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे असतात, त्यांना ॲनोड म्हणतात. ते अर्धे झिजले की बदला. समुद्राकडून माल मागवला तर बहुधा जस्ताचे येतात. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते निकामी होतं. इथे मॅग्नेशियमचे लावा. त्यांच्यावर रंग मारू नका, आणि बसवण्याआधी खालची जागा धातू दिसेपर्यंत घासा.

मोटर

सर्वात आधी खालच्या गिअरचं तेल काढा. मोटर उभी ठेवून खालचा स्क्रू सोडा, मग वरचा. काळपट पण पारदर्शक तेल ठीक. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पंख्याच्या दांडीचं सील हे त्याचं नेहमीचं कारण, आणि ते बहुतेक वेळा मासेमारीच्या नायलॉन धाग्याने कापलेलं असतं. अशा वेळी पंखा काढा. धागा दांडीभोवती घट्ट पीळ घालून सीलच्या आत शिरलेला सापडेल. ब्लेडने कापून काढा, सील बदला, आणि गिअरच्या खोक्यात हवा भरून १० पीएसआय दाब पाच मिनिटं टिकतो का ते पाहा. दाब पडला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

नवीन तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि तेल कमी बसतं. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, आणि दोन्हीचे वॉशर नवीन घाला. वीस-तीस रुपयांचा वॉशर वाचवून लाखाचा गिअर घालवणारे कमी नाहीत.

इंजिनचं तेल आणि फिल्टर वर्षाला किंवा १०० तासांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. मोटारसायकलचं तेल नको. एफसी-डब्ल्यू, म्हणजे बोटीच्या फोर-स्ट्रोक मोटरींच्या तेलाचा, शिक्का असलेलं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, जे पुस्तकात लिहिलंय ते. स्पार्क प्लग काढून पाहा. एकाच सिलिंडरचा प्लग ओला किंवा काळा असेल तर गडबड त्या सिलिंडरमध्ये आहे. नुसता प्लग बदलून गप्प बसू नका.

पाणी खेचणारा रबरी इंपेलर हा या भागातला सर्वात दुर्लक्षित भाग. पावसाळ्यानंतरच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो रबराच्या पात्या आणि स्टीलचं भांडं दोन्ही घासून काढतो. स्वच्छ पाण्यात दोन-तीन वर्षं चालणारा इंपेलर इथे दरवर्षी बदला. त्यासाठी गिअरचं खोकं उतरवावं लागतं. आधी गिअर कोणत्या स्थितीत आहे त्याची खूण करा, नाहीतर बसवताना गिअरची दांडी जुळत नाही. इंपेलरला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. दांडी घड्याळाच्या दिशेने फिरवत इंपेलर भांड्यात बसवा, म्हणजे पात्या योग्य बाजूला वळतात. इंपेलरला दांडीशी अडकवणारी छोटी धातूची चावी जागेवर आहे ना, हे दोनदा पाहा. जुन्या इंपेलरची एखादी पाती तुटलेली असेल तर तो तुकडा वरच्या नळीत अडकलेला असतो. तो सापडेपर्यंत खोकं बंद करू नका.

मग मोटरीला पाण्याच्या रबरी वाट्या लावून, नळ चालू करून इंजिन सुरू करा. पाण्याशिवाय काही सेकंदही नाही. मागच्या छोट्या छिद्रातून पाण्याची धार जोरात यायला हवी. धार बारीक असेल तर पातळ तारेने छिद्र साफ करा, गांधीलमाश्या त्यात मातीचं घर करतात. या वेळी पंखा काढून ठेवा आणि वेग कमीच ठेवा.

पंखा परत बसवताना दांडीच्या खाचांना पाणी न शिरणारं ग्रीस लावा, जाड वॉशरची उताराची बाजू दांडीच्या उताराला जुळवा आणि नटमधली स्प्लिट पिन नवीनच घाला. दोन मोटरींचे पंखे बहुधा उलटसुलट फिरणारे असतात, ते अदलाबदल झाले तर पुढचा गिअर टाकूनही दोन्ही मोटरी बोट मागे ढकलतात. काढतानाच आतल्या बाजूला 'डावा', 'उजवा' लिहून ठेवा. पात्याच्या कडेवरचे छोटे खळगे कानसने गुळगुळीत करा. पाती वाकलेली असेल तर गावच्या वेल्डरकडे नेऊ नका, तोल जातो आणि हादऱ्याने सील फुटतं. बोटीत एक जादा पंखा, नट आणि पिना ठेवा.

सुकाणूची केबल असेल तर ती आत ओढलेल्या स्थितीत ग्रीस द्या. बाहेर असताना भरलेलं ग्रीस आत अडकून केबल जाम करतं. हायड्रॉलिक असेल तर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हात लिबलिबित लागला तर हवा आहे, ती काढा.

पेट्रोल

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि अनेक ओबीएमच्या पुस्तकात परवानगी १० टक्क्यांपर्यंतचीच लिहिलेली असते. हे इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जूनपासून अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर साचतो, आणि इंजिन नेमका तोच थर आधी खेचतं. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढा आणि तासभर ठेवा. खाली वेगळी रेघ दिसली तर सगळं पेट्रोल काढा. काढलेलं पेट्रोल काठावर किंवा नाल्यात ओतू नका.

दाबायचा रबरी फुगा आणि नळ्या वाकवून पाहा. बारीक भेगा, मऊ पडलेलं रबर किंवा आतून सुटलेले काळे कण दिसले तर इथेनॉल सहन करणारी नवी नळी घाला. टाकी आणि मोटर यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर असायलाच हवा. गावाकडे पेट्रोल डब्यातून आणावं लागतं, त्यामुळे दोन फिल्टर जादा ठेवा. डबा बोटीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. भरल्यावर फरशीची झाकणं उघडून वास घ्या, आणि वास गेल्याशिवाय चावी फिरवू नका.

इथून पुढे हंगामभर तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल भरा.

बॅटरी, वायर, पंप

चार्ज करून रात्रभर ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सकाळी १२.६ च्या वर दिसली पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी. खरी परीक्षा स्टार्टर फिरताना: मीटर ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी बदला, मग वरून कितीही व्होल्ट दाखवत असो. प्रत्येक मोटरीला वेगळी बॅटरी ठेवा, आणि दिवे-पंपाला तिसरी. टर्मिनलवरचे हाताने फिरवायचे नट हादऱ्याने सैल होतात. तिथे नायलॉन बसवलेले लॉक नट लावा.

वायरींसाठी टॉर्च घेऊन फरशीखाली शिरावं लागतं, आणि बरेच जण तेवढंच टाळतात. उंदरांनी सोललेली वायर टेपने गुंडाळून ठेवली तर ती पाण्यात हिरवी पडते. तो तुकडा कापून, टिन लावलेली तांब्याची वायर जोडून उष्णतेने आवळणाऱ्या नळीने बंद करा.

बुडातलं पाणी उपसणारे पंप दोन हवेत, आणि ते आपोआप सुरू होणारे. दोन बादल्या पाणी ओतून तपासा. पंप सुरू करणारा तरंगता स्विच अडकलेला नाही ना, पाणी बाहेर पडतंय ना, आणि पाणी संपल्यावर पंप स्वतःहून थांबतोय ना. खोक्यावर लिहिलेली क्षमता पाणी वर चढवावं लागत नाही असं धरून असते. प्रत्यक्षात निम्मीच धरा. चालकाच्या अंगाला अडकवायची लाल दोरी, म्हणजे इंजिन बंद करणारी, ओढून दोन्ही मोटरी बंद होतात का ते पाहा. दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा.

कागद आणि जॅकेट

इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ खाली यांत्रिक बोटीची नोंदणी आणि सर्वेक्षण दाखला लागतो. विमा वेगळा, आणि धरणात बोट चालवायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. पाणी वनक्षेत्रात येत असेल तर वनविभागाचीही. हे सगळं सप्टेंबरात हाती घ्या, कारण सर्वेक्षणाची तारीख तुमच्या सोयीने मिळत नाही.

लाइफ जॅकेट जितकी माणसं तितकी, चालक-खलाशी धरून, आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी. दरवर्षी प्रत्येक जॅकेट मुठीत दाबून पाहा. आतला फोम परत फुगला नाही किंवा कुरकुरला तर बाद. बकल ओढून पाहा, पट्टे उन्हाने कुजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत डोंगा उलटून ११ जण बुडाले. जॅकेट फळीखाली ठेवून चालत नाही, बोटीत पाय ठेवायच्या आधी अंगात घालायला लावा.

अग्निशामक पावडरचे दोन डबे हवेत. महिन्यातून एकदा उलटे करून हलवा, पावडर तळाशी घट्ट बसते.

ट्रेलर आणि ट्रॅक्टर

बोट, मोटरी, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन सहज ३ टनांच्या आसपास जातं. चाकाला जॅक लावून हाताने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग उघडा, धुवा, नवं ग्रीस भरा. बेअरिंग खराब होतं ते गरम असताना थंड पाण्यात गेल्यामुळे: आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ओढून आणल्यावर अर्धा तास थांबा, चाकाच्या मध्यावर हात ठेवून पाहा, गार झाल्यावरच पाण्यात घाला. टायर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात उभे असतात. बाजूला भेगा असतील तर हवा बरोबर असली तरी बदला.

विंच, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून धरणारी हाताने फिरवायची चरखी, तिचा पट्टा पूर्ण उलगडून पाहा, आतले वेटोळे कुजलेले असतात. विंचशिवाय एक सुटी साखळी पुढच्या कडीला असायलाच हवी.

ट्रॅक्टर ४५-५० अश्वशक्तीचा, शक्यतो चारही चाकांना जोर असलेला. शेतात वळण्यासाठी डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा ठेवलेला असतो. काठावर येण्यापूर्वी दोन्ही पायट्या जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. एकच ब्रेक लागला तर उतारावर ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रेलर आडवा होतो. हे ट्रॅक्टरवाल्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः वाकून पाहा.

ट्रॅक्टर आणि ट्रेलरमध्ये ३ ते ४ मीटरची लोखंडी चॅनलची दांडी करून घ्या. ट्रेलर पाण्यात जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं कोरड्या मुरुमावर राहतात. आमच्या मते या सगळ्या तयारीतला सर्वात उपयोगी खर्च हाच.

काठ

गोसीखुर्दची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. तिथून ती हंगामभर खाली येत जाते, आणि दरवाजे किंवा कालवे सुटले की एका रात्रीतही हलते. उतरवण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांची पातळी धरण कार्यालयातून विचारून घ्या. पातळी घसरत असताना काठावरचा कालपर्यंत पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. काळ्या मातीत हा पट्टा फसवतो: वरून वाळून पापुद्रा धरतो, खाली चिखल तसाच असतो.

सब्बल घेऊन ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या वाटेवर दर मीटरला टोचून पाहा. अंगाच्या भाराने सब्बल १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आत गेली तर तिथे ट्रेलर जाणार नाही. पाण्यातही गुडघाभर उतरून टोचा, कारण चाकं तिथेच थांबणार आहेत. मुरूम किंवा खडकाळ जागा शोधा, ती बहुधा जुन्या रस्त्याच्या किंवा बुडालेल्या गावाच्या बाजूला मिळते. नसेल तर ४ मीटर रुंद पट्टा करा: खाली २०-२५ सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर १५ सेंटिमीटर मुरूम, पाणी मारून रोलरने दाबलेला. यालाही विभागाची परवानगी लागते. धरणाच्या भिंतीच्या दगडी अस्तरावरून बोट उतरवण्याचा विचारही करू नका.

उतार १ ला ८ च्या आसपास ठेवा. सपाट काठावर ट्रेलर फार आत न्यावा लागतो, उभ्या काठावर ट्रॅक्टरला पकड राहत नाही. बोट तरंगायला ट्रेलरच्या चाकांपाशी साधारण १ मीटर पाणी लागतं. याच हिशेबाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही: या उतारावर पाणी १ मीटर उतरलं की काठ ८ मीटर लांबतो. मे अखेर बोट बाहेर काढताना पाणी ३ मीटर खाली असेल तर आजच्या पट्ट्याच्या पुढे आणखी २४ मीटर पक्की जमीन लागेल. जागा निवडतानाच तो खालचा भाग कसा आहे, हे मासेमारांना विचारून ठेवा.

हायड्रा क्रेनने उतरवायचं असेल तर कापडी पट्टे दोन, आणि मागचा पट्टा मोटरींच्या जवळ, कारण वजन मागे आहे. पट्ट्यांच्या जागा बोटीच्या कडेला रंगाने खुणावून ठेवा. क्रेनची क्षमता बूम जसजसा लांबतो तसतशी झपाट्याने घटते, १२ टनांची क्रेन लांब पोचून ३ टन उचलेलच असं नाही. तिच्या चार्टमध्ये पाहा. ओल्या काठावर क्रेनपेक्षा ट्रॅक्टर बरा.

उतरवताना

वेळ सकाळची, वारा नसताना. माणसं पाच: ट्रॅक्टरवर एक, विंचपाशी एक, पुढच्या आणि मागच्या दोराला एकेक, बोटीवर चालक. हाताने इशारा करणारा एकच, विंचपाशी असलेला. बाकी काठावर जमलेल्या मंडळींनी सूचना द्यायच्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

मागच्या भिंतीचं बूच लावलंय का? हा प्रश्न विंचवाल्याने मोठ्याने विचारायचा आणि चालकाने बूच हाताने चाचपून उत्तर द्यायचं. बूच काढलं की ते इंजिनच्या चावीलाच बांधून ठेवायची सवय असली तर विसरणं अशक्य होतं. मग मोटरी वर उचला, आडवे पट्टे सोडा, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा. पुढची साखळी आणि विंच मात्र शेवटपर्यंत तशीच राहू द्या. उतारावर साखळी काढली की बोट कोरड्या मुरुमावर घसरून पडते.

ट्रेलर हळू मागे घ्या. मागची बाजू तरंगायला लागली की थांबा, ट्रॅक्टरच्या चाकामागे लाकडी ठोकळे घाला आणि दहा मिनिटं काहीही करू नका. चालकाने फरशीची सगळी झाकणं उघडून टॉर्चने पाहायचं. बूच, मोटरीचे बोल्ट आणि खोली मोजणाऱ्या यंत्राचं भोक, पाणी याच तीन ठिकाणी दिसतं. येत असेल तर बोट अजून विंचवर आहे, ट्रॅक्टर पुढे घेतला की झालं. सोडून दिलेल्या बोटीत गळती सापडली तर तिचं वजन दर मिनिटाला वाढत असतं.

कोरडं असेल तर मोटरी खाली करून सुरू करा, दोन्ही धारा पाहा, मग साखळी आणि विंच सोडा. विंचवर भार असताना खिट्टी उचलू नका, फिरणारा दांडा मनगट मोडतो.

ट्रॅक्टर फसलाच तर चाकं फिरवत बसू नका, तो आणखी खोल जातो. बोट आधी पाण्यात मोकळी करा म्हणजे भार कमी होतो, मग दुसऱ्या ट्रॅक्टरने वायर रोप लावून ओढा. रोपच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

पाण्यातला पहिला तास

दहा मिनिटं मंद चालवा, मग मिनिटाला २००० फेऱ्यांवर. सुकाणू दोन्हीकडे पूर्ण फिरवा, पुढे-मागे गिअर टाकून पाहा, परत एकदा बूड तपासा. शेवटी पूर्ण वेग. या आकाराच्या बहुतेक मोटरींना पूर्ण वेगात ५००० ते ६००० फेऱ्या मिळायला हव्यात, नेमका आकडा पुस्तकात असतो. कमी मिळाल्या तर भार जास्त आहे, बूड घाण आहे किंवा पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत पंखा पुढे सरकायचं अंतर, मोठा आहे. पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

प्रवासी घेण्याआधी भार देऊन चालवा. माणशी ७५ किलो धरला तर २० जणांचे १५०० किलो, म्हणजे वाळूची ५० किलोची ३० पोती. ती आसनांवर ठेवा, कारण माणसं फरशीवर झोपून जात नाहीत. मग अर्धी पोती एका बाजूला सरकवून बोट किती कलते आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते मोजा. पक्षी दिसला की सगळे एकाच बाजूला धावतात, ती स्थिती हीच.

मार्ग ठरवताना स्थानिक ढिवर मासेमारांना सोबत घ्या. गोसीखुर्दच्या पाण्याखाली झाडांचे खुंट आणि जुनी घरं आहेत. 'तिकडून नका जाऊ जी, खाली बाभळीचे खुट हाय', ही माहिती कुठल्याही नकाशात नाही. त्यांच्या जाळ्यांच्या थर्माकोलच्या खुणा कुठे असतात तेही तेच सांगतात. धोक्याच्या जागी रंगवलेले प्लास्टिक ड्रम नांगरून ठेवा. जानेवारीनंतर हा मार्ग पुन्हा तपासा, कारण नोव्हेंबरात दोन मीटर खोल असलेला खुंट तोवर पंख्याच्या उंचीवर आलेला असतो.

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि पुढे वैनगंगेत येतं, त्यावर जलपर्णी माजते. तिच्या पट्ट्यात शिरलात तर मोटरीची पाणी घेण्याची जाळी बुजते. तापमानाचा भोंगा वाजताच इंजिन बंद करा, मोटर वर उचला, हाताने मुळं काढा आणि दुसऱ्या मोटरीवर बाहेर या. दोन्ही मोटरी एकदम त्या पट्ट्यात घालू नका.

संध्याकाळी बोट बांधताना दोरात ढील ठेवा. रात्रीत पाणी फूटभर उतरलं तर आखूड दोराची बोट काठावर कलंडते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वात आधी बूड उघडून पाहा. दहा तास चालल्यावर मोटरीचे बोल्ट आणि सुकाणूचे जोड पुन्हा आवळा. ट्रेलर पाण्यातून काढला त्याच दिवशी चाकांत ग्रीस मारा, कारण मे महिन्यात तोच परत लागणार आहे.